चार दहाचा अलार्म

झीरोकाकांनी शिडीवर चढून डिटेक्टरची टोपी फिरवून काढली आणि आतली जाळी डोळ्यांजवळ नेली. जाळीत एक निळा धागा अडकला होता, जेमतेम नखाएवढा. त्यांनी तो चिमटीत धरून ओढला, खाली न बघता खिशात टाकला आणि टोपी पुन्हा घट्ट बसवली.

"काय निघालं?" शिडी धरून उभ्या असलेल्या माणसाने खालून विचारलं.

"काय निघणार? दमटपणा."

"हवाच तशी आहे."

हवा ठणठणीत कोरडी होती. आठवडाभर सगळ्या प्लँटमध्ये लोकांचे ओठ फुटत होते. 

खाली उभा होता तो किल्लेदार. सॉल्व्हंटच्या सहा टाक्या, त्यांच्याभोवती कमरेइतक्या उंचीची तटबंदी, दोन पंप आणि एका बाजूला पत्र्याची केबिन, एवढा त्याचा मुलूख. प्लँटच्या अगदी शेवटच्या कुंपणाला लागून. चौदा वर्षं तो तिथे एकटाच ड्यूटी करत होता, म्हणून कुणीतरी त्याला किल्लेदार म्हटलं आणि ते चिकटलं. झीरोकाकांचंही तसंच. ते इन्स्ट्रुमेंट खात्यातले. कुठलंही मीटर दुरुस्तीला आलं की "आधी झीरो बघा, मग बाकीचं" हे वाक्य ते तीस वर्षं म्हणत आले होते. त्यांचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. बायको असताना ती चिडवायची, "बाहेर काय असेल ते असो, घरी आलात की तुमचा काटा झीरोवरच." तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

केबिनमध्ये जाऊन झीरोकाकांनी गळ्यातलं हातमीटर एकदा चारी बाजूंना फिरवलं आणि फोन उचलला.

"पॅनेल, झीरो बोलतोय. हवा तपासली. शून्य. अलार्म काढा."

"कारण, काका?" कंट्रोल रूममधून पॅनेलवालीचा आवाज आला.

"दमटपणा."

"बरं." फोन तिकडून लगेच बंद झाला.

नियमच तसा होता. हवेत सॉल्व्हंटची वाफ किती आहे हे हुंगत बसणं हे त्या मुठीएवढ्या डिटेक्टरचं काम. भडका उडायला जेवढी वाफ लागते तिच्या वीस टक्के जमली की कंट्रोल रूममध्ये अलार्म, चाळीस टक्के झाली की पंप आपोआप बंद. आणि एकदा वाजलेला अलार्म तिथल्या माणसाच्या शब्दावर काढायचा नाही. आपल्या ताकाला कोण आंबट म्हणणार? इन्स्ट्रुमेंट खात्यातल्या माणसाने स्वतः चालत जायचं, हवा तपासायची, पॅनेलला कळवायचं आणि वहीत कारण लिहून सही करायची. दमट हवेत डिटेक्टर कधीकधी उगाच वाजतो, म्हणून ते कारण खपायचं.

झीरोकाकांनी वहीत लिहिलं, सही केली आणि लाकडी खोक्यावर बूड टेकलं. केबिनमध्ये खुर्ची एकच होती. हे खोकं तिसऱ्या अलार्मनंतर आलं होतं. पाचव्यानंतर त्यावर घडी घातलेलं पोतं आलं.

किल्लेदाराने घरून आणलेला फ्लास्क उघडला. करपलेल्या दुधाचा वास सगळ्या केबिनभर पसरला. त्याने झाकणात चहा ओतून पुढे केला, स्वतः स्टीलच्या पेल्यात घेतला आणि मिटक्या मारत प्यायला.

"आज जमलाय ना?"

"फक्कड," झीरोकाका म्हणाले आणि एका घोटात तो घशाखाली ढकलला.

मग किल्लेदार बोलायचा. केबलच्या ट्रेमध्ये चिमणीने घरटं केलंय. दुसऱ्या गावी असलेली मुलगी म्हणते, या आता इकडे. पण जावयाच्या घरी पाहुणा बरा, मुक्काम नाही बरा. तीन नंबरच्या टाकीच्या जिन्याला एकवीस पायऱ्या आहेत, पण उतरताना बावीस भरतात, असं का? झीरोकाका ऐकायचे, आणि मग तेही बोलायचे. दिवसभराचं सगळं त्या वीस मिनिटांत बोलून घ्यायचे. घरी बोलायला रेडिओ होता, पण तो ऐकून घेत नसे. मुलगा रविवारी फोन करायचा, तब्येत विचारायचा, तब्येत बरी निघाली की त्याचं काम संपायचं.

खरं तर झीरोकाकांना चौथ्याच वेळी कळलं होतं. त्यांनी कंट्रोल रूममधून आलेखाचा कागद काढून पाहिला. खरी गळती असली की रेघ वाऱ्याबरोबर वरखाली हलत हळूहळू चढते. ही रेघ भिंतीसारखी सरळ उभी राहायची आणि मिनिटाभरात कोसळायची. तीही दर वेळी चार वाजून दहा मिनिटांनी. गॅस काही मनगटावर घड्याळ बांधून येत नाही. केबिनच्या दाराशी खिळ्यावर निळ्या चौकड्यांची एक चिंधी टांगलेली असे. ती सॉल्व्हंटमध्ये जरा बुडवून काठीच्या टोकाने डिटेक्टरखाली धरली की झालं.

त्यांना राग यायला हवा होता. आला नाही. उलट पावणेचार वाजले की ते वर्कशॉपमध्ये हातपाय धुऊन, केस विंचरून, मीटर गळ्यात अडकवून बसायचे. चार दहाला फोन वाजला की दोनदा वाजू द्यायचे, मग उचलायचे. एखाद्या दिवशी वाजला नाही तर ती संध्याकाळ त्यांना फार जड जायची. वहीत "दमटपणा" हा शब्द आज अकराव्यांदा लिहिला होता.

त्याच रात्रीपासून त्यांना ताप भरला. तीन दिवस ते अंथरुणात होते. शेजारणीने पेज आणून दिली, दार ओढून घेतलं, आणि मग घरात त्यांच्याच कण्हण्याचा आवाज उरला. चौथ्या दिवशी अंगात जोर नसताना ते कामावर गेले, कारण घरी राहून करायचं तरी काय होतं?

गेल्या गेल्या सेफ्टी साहेबांनी बोलावलं. टेबलावर टाक्यांच्या आवारातली वही उघडी होती.

"तुम्ही नव्हतात तेव्हा, परवा, तुमचा तो लाडका डिटेक्टर शेहेचाळीस टक्क्यांवर गेला," साहेब म्हणाले. "दोन नंबरचा पंप बंद पडला. प्लँटला सॉल्व्हंट मिळालं नाही, आख्खी बॅच टाकून द्यावी लागली. तुमच्या बदलीचा माणूस पाव तासाने पोचला, तर हवा स्वच्छ."

"त्याने काय लिहिलं?"

साहेबांनी वही फिरवली. अकरा ओळींत झीरोकाकांचं वळणदार अक्षर: दमटपणा, दमटपणा, दमटपणा. बाराव्या ओळीत घाईघाईत खरडलेलं: वरीलप्रमाणे.

"रोज मरे त्याला कोण रडे?" साहेब म्हणाले. "हा डिटेक्टर बेभरवशाचा आहे हे मी नाही म्हणत, तुम्हीच अकरा वेळा लिहून दिलंय. नवीन मागवलाय. तो येईपर्यंत याला बायपास करायचा. तुमच्या खात्याची सही लागेल." त्यांनी लाल कडेचा फॉर्म पुढे सरकवला.

बायपास म्हणजे डिटेक्टरचं तोंड बांधणं. तो कितीही ओरडला तरी कंट्रोल रूममध्ये काही वाजणार नाही आणि पंपही थांबणार नाही.

"किती दिवस?"

"चार महिने तरी. घाबरता कशाला? तिथे माणूस आहेच की बसलेला. त्याला नाक आहे. अकरा वाजता दोन नंबरचा पंप सुरू करायचाय, त्याआधी सही द्या म्हणजे झालं."

झीरोकाकांना वाटलं, आताच सांगून टाकावं. पण सांगितलं की किल्लेदाराची नोकरी त्याच दिवशी जाणार. निवृत्तीला सहा महिने राहिलेला माणूस, आणि कारण काय, तर चिंधी. ते फॉर्मची घडी खिशात घालून म्हणाले, "एकदा बघून येतो."

टाक्यांच्या आवारापर्यंतचा रस्ता त्यांनी कधी सकाळी पाहिलाच नव्हता. डोक्यात संताप होता. त्यांना तो संताप बरा वाटत होता, कारण निम्मा स्वतःवरचाच होता.

किल्लेदार केबिनबाहेर झाडत होता. त्यांना पाहून त्याचा केरसुणीचा हात थांबला.

"अहो, तुम्ही? अलार्म तर वाजला नाही."

"नाही वाजला. आता वाजणारही नाही." झीरोकाकांनी खिशातून तो निळा धागा काढला आणि तळहातावर ठेवून पुढे केला. "अकरा वेळा पोटात घातलं मी. मग परवा एवढं कशासाठी? शेहेचाळीस टक्के! काय आख्खा बनियन भिजवून धरलात?"

किल्लेदार धाग्याकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी इन्स्ट्रुमेंटचा माणूस आहे. गवत उपटत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

झीरोकाकांनी धागा परत खिशात टाकला. "फोन आहे ना केबिनमध्ये? सरळ बोलवायचं मला."

"काय म्हणून बोलवायचं?" किल्लेदार म्हणाला. "मी एकदा केला होता पॅनेलला फोन, फार पूर्वी. तिकडून विचारलं, काय काम आहे? काम काहीच नव्हतं. मग ठेवून दिला."

थोडा वेळ केरसुणी जमिनीवर उगाच इकडून तिकडे फिरली.

"पण परवाचं माझ्यावर घालू नका," तो म्हणाला. "परवा मी काही केलं नाही."

"आता खोटं नको."

"देवाशपथ. पहिल्याच दिवशी तुमचा तो बदलीचा माणूस इकडे वजनकाट्याच्या कामाला आला होता. म्हणाला, काका तापाने फणफणलेत. मग मी चिंधीला हात लावला नाही. तुम्ही येणार नव्हता, तर कुणासाठी वाजवू? परवा तर मी जेवत होतो. एकदम पंपच बंद पडला. तो माणूस आला, मीटर फिरवलं, वहीत एक शब्द लिहिला. बसला पण नाही."

झीरोकाका दाराकडे वळले. चिंधी खिळ्यावर होती. त्यांनी ती बोटांत घेतली. ती वाळून पापडासारखी कडक झाली होती आणि तिच्या घड्यांत धूळ बसली होती.

म्हणजे परवा ती कोणी भिजवलीच नव्हती.

तटबंदीची चार पायऱ्यांची शिडी ओलांडून ते आत उतरले. एक नंबरचा पंप घरघरत होता. दोन नंबरचा शांत उभा होता. त्याच्यापासून तीन पावलांवर असतानाच तो वास आला, गोडसर, नाकाच्या मुळाशी चढणारा. ते मागे वळले. किल्लेदार त्यांच्या पाठोपाठ येऊन शेजारी उभा राहिला होता, हात मागे बांधून, फुलबागेत उभा असावा तसा.

"वास येतोय ना?" झीरोकाकांनी विचारलं.

"येतोय की."

"कसला?"

किल्लेदाराने पंपाकडे पाहिलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"नेहमीचाच," तो म्हणाला.

झीरोकाकांना एकदम करपलेल्या दुधाचा तो चहा आठवला, रोजचा, आणि मिटक्या मारत पिणारा हा माणूस.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील," किल्लेदार हळू आवाजात म्हणाला. "एका सर्दीत गेलं ते परत आलंच नाही. डॉक्टरला सांगितलं असतं तर इथून उठवलं असतं. म्हटलं, डिटेक्टर आहे ना. तो माझं नाक."

झीरोकाकांनी वाकून पंपाच्या दांड्याशी मीटर नेलं. आकडा बारा, एकोणीस, तीस असा चढत गेला. मीटर किंचाळायला लागलं. सीलमधून थेंब थेंब गळून खालच्या जाळीच्या नालीत सॉल्व्हंटची लकाकणारी रेघ साचली होती. पंप बंद असताना एवढं, तर चालू झाल्यावर काय होईल हे सांगायला इन्स्ट्रुमेंटवाला लागत नव्हता.

त्यांनी किल्लेदाराच्या दंडाला धरलं, त्याला ओढतच केबिनपर्यंत आणलं आणि फोन उचलला. घड्याळात अकरा वाजायला चार मिनिटं होती.

"पॅनेल, झीरो बोलतोय. दोन नंबरचा पंप चालू करू नका."

"काका, आत्ताच साहेबांनी बायपासची चावी फिरवली. तुमची सही मागून घेऊ म्हणाले. मी पंप चालूच करत होते."

"हात काढा बटणावरून. इथे गळती आहे."

पॅनेलवाली समजुतीच्या सुरात म्हणाली, "काका, तिथे दमटपणा असतोच ना?"

झीरोकाकांनी किल्लेदाराकडे पाहिलं. तो खुर्चीत न बसता खोक्यापाशी उभा होता. त्याने मान हलवली, हो म्हणून. सांगा.

"इथे दमटपणा कधीच नव्हता," झीरोकाका म्हणाले. "अकराही वेळा मी खोटं लिहिलंय. डिटेक्टर एकदम चांगला आहे. बारावा अलार्म खरा होता. चावी परत फिरवा, आणि जे बोललो ते साहेबांना शब्दाला शब्द सांगा."

दोन नंबरचा पंप चालू झाला नाही.

चौकशी दोन दिवस चालली. झीरोकाकांनी पहिल्या दिवशी सगळं अंगावर घेऊन पाहिलं. चिंधी मीच धरायचो, म्हणाले. साहेबांनी शांतपणे विचारलं, "अलार्म वाजायचा तेव्हा तुम्ही वर्कशॉपमध्ये असायचा. तुमचा हात एवढा लांब आहे?" दुसऱ्या दिवशी किल्लेदाराने स्वतःच सांगितलं, चिंधीचं आणि नाकाचंही. त्याला डॉक्टरकडे पाठवलं आणि सहा महिने आधीच निवृत्त केलं. नोकरी गेली म्हणा किंवा सुटली म्हणा. मुलीने येऊन त्याला आपल्या गावी नेलं. प्लँटमध्ये मोबाइल गेटवरच ठेवायचे, त्यामुळे दोघांनी एकमेकांचा नंबर कधी घेतलाच नव्हता. जाण्याच्या दिवशी झीरोकाका साहेबांसमोर उभे होते. सुटून गेटवर पोचले तेव्हा गाडी निघून गेली होती.

त्या आवारात आता माणूस बसवायचा नाही असं ठरलं. खांबावर कॅमेरा लागला. झीरोकाकांना ताकीद मिळाली, आणि वर एक कामही: रोज एकदा जाऊन बाटलीतला तपासणीचा गॅस डिटेक्टरला द्यायचा, अलार्म वाजतो की नाही ते बघायचं आणि सही करायची. वेळेचा रकाना साहेबांनी रिकामा ठेवला होता. म्हणाले, तुम्हाला सोयीची लिहा. झीरोकाकांनी लिहिलं, चार दहा.

पावणेचारला त्यांनी हातपाय धुतले. केस विंचरायला कंगवा घेतला आणि परत खणात ठेवला.

केबिनला कुलूप नव्हतं. आत खुर्ची होती, खोकं होतं, खोक्यावरचं पोतं होतं. खिळा मोकळा होता. शिडी धरायला कोणी नव्हतं म्हणून त्यांनी ती दोनदा हलवून पाहिली, मग वर चढले आणि डिटेक्टरच्या तोंडाला गॅसचा पेला लावला. नियमाप्रमाणे तीस सेकंद पुरतात. तीस झाले, चाळीस झाले. ट्रेमधल्या घरट्यात चिमणी नव्हती. साठ झाल्यावर त्यांनी बाटलीचा कॉक बंद केला.

खाली फोन वाजत होता. ते सावकाश उतरले, आत गेले आणि खोक्यावर बसून त्यांनी तो उचलला.

"काका, वीस टक्क्यांचा अलार्म केव्हाच आला," पॅनेलवाली म्हणाली. "मी नोंदही केली. तुम्ही गॅस बराच वेळ धरलात. काही काम होतं का?"

झीरोकाकांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "काम काही नाही."

तिकडून फोन लगेच ठेवला नाही कुणी.